मुले, पालक आणि शिक्षक: आदर व शिस्तीविषयी सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून पालक, शिक्षक आणि कधीकधी वरच्या वर्गांतील विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्य तितकी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे आणि पुनरुक्ती टाळण्यासाठी आवश्यक तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याविषयीची माहिती सर्वसाधारण स्वरूपाची असल्याने प्रत्यक्ष प्रकरण उभे राहिल्यास वकिलांचा सल्ला घ्यावा.

1. मुलगा सरांना फार घाबरतो. म्हणजे तो त्यांचा आदर करतो, असेच समजायचे ना?

तसे समजू नये. भीती आणि आदर यांची पारख सर समोर नसताना होते. सर वर्गाबाहेर गेल्यावरही मुलगा हातातले काम करत राहतो का, न समजलेले पुन्हा विचारण्याचे धाडस त्याला होते का आणि वही विसरली तर तो स्वतःहून सांगतो की पोटदुखीचे निमित्त करून घरी राहतो, हे पाहावे. नवी पेठेत खरेदीला गेले असता सर समोरून येताना दिसल्यावर जो मुलगा आईचा हात सोडून शेजारच्या बोळात शिरतो, त्याच्या मनात सरांविषयी काय आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. भीतीमुळे वर्गात शांतता मिळते, हे खरे. पण त्या शांततेत कोणाला काय समजले नाही, हे शिक्षकांना कधीच कळत नाही.

2. शिस्त आणि शिक्षा यांत नेमका फरक काय?

शिस्तीचा नियम आधी सांगितलेला असतो, तो सर्वांना सारखा लागू असतो आणि तो मोडल्यास काय होईल, हेही ठरलेले असते. शिक्षा बहुधा चूक घडल्यानंतर सुचते आणि तिचे प्रमाण मोठ्यांच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर ठरते. चुकीचा परिणाम चुकीशी निगडित असावा, एवढे पथ्य पाळले तरी बरेच साधते. बाकावर शाईने नाव लिहिणाऱ्याने बाक स्वच्छ करून द्यावा, यात संगती आहे; त्याच कारणासाठी पाढे पन्नास वेळा लिहायला लावण्यात ती नाही आणि त्यातून पाढ्यांविषयी तिटकारा मात्र निर्माण होतो.

याच व्याख्येतून मोठ्यांना अडचणीची वाटणारी एक गोष्ट निघते. नियम सर्वांना सारखा असेल, तर जेवताना मोबाइल नको असे सांगणाऱ्या वडिलांचा मोबाइलही ताटाजवळ नसावा आणि उशिरा येणाऱ्या मुलाला दाराबाहेर थांबवणाऱ्या शिक्षकांनी घंटेला वर्गात असावे. पालकांची आणि शिक्षकांची निम्मी गाऱ्हाणी या एका ठिकाणी अडलेली असतात, असे आलेली पत्रे वाचून वाटते.

3. आम्हीही छडी खाऊनच शिकलो आणि आमचे काही बिघडले नाही. मग आता शाळेत मारायला बंदी कशासाठी?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्याच्या कलम 17 नुसार कोणत्याही बालकाला शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई आहे आणि हे कलम मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. शारीरिक शिक्षा म्हणजे केवळ छडी, असा समज चुकीचा आहे. कान पिळणे, ओणवे उभे करणे, उठाबशा काढायला लावणे आणि सोलापूरच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात मैदानावर उभे करणे, हे सारे तिच्यात येते. पारा चाळिशीकडे झुकलेला असताना शेवटचा प्रकार प्रकृतीलाही धोक्याचा ठरतो. मुलाची जात, आईवडिलांचा व्यवसाय, रंग किंवा बोली यांवरून वर्गासमोर टोमणे मारणे हा मानसिक त्रास होय.

‘आमचे काही बिघडले नाही’ या युक्तिवादाविषयी एवढेच म्हणता येईल, की तो शाळेत टिकून राहिलेल्यांचा आहे. माराच्या धास्तीने चौथीत किंवा पाचवीत शाळा सोडून कामाला लागलेली वर्गमित्रमंडळी हा युक्तिवाद करायला येत नाहीत.

4. आम्ही पालकांनीच ‘मारा, पण शिकवा’ असे लिहून दिले, तर शिक्षकांना मोकळीक मिळते का?

मिळत नाही. कलम 17 मध्ये पालकांच्या संमतीचा अपवाद नाही. संरक्षण बालकाला दिलेले आहे आणि ते पालकांना त्याच्या वतीने सोडून देता येत नाही. शिक्षकांनी अशी चिठ्ठी स्वीकारू नये, कारण प्रसंग आला तर ती त्यांच्या बचावाच्या कामी येणार नाही.

5. हा नियम खासगी शाळा, अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा, क्लास, वसतिगृहे आणि नववी-दहावीचे वर्ग या सर्वांना लागू आहे का?

येथे थोडे बारकाईने पाहावे लागते. शिक्षण हक्क अधिनियम 6 ते 14 वर्षे वयाच्या बालकांसाठी आहे आणि तो खासगी विनाअनुदानित शाळांनाही लागू होतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 मधील निर्णयानुसार तो धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना लागू होत नाही. उर्दू, तेलुगू आणि कन्नड भाषकांच्या संस्था असलेल्या सोलापुरात हा मुद्दा केवळ पुस्तकी राहत नाही.

परंतु त्यावरून अशा शाळांत मारण्याची मुभा आहे, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 75 अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकासाठी आहे. बालक ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली आहे, त्याने त्याला मारहाण केली, त्याचा छळ केला किंवा त्याच्याकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष केले आणि त्यामुळे बालकाला विनाकारण शारीरिक वा मानसिक क्लेश होण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बालकांची काळजी सोपवलेल्या संस्थेतील नोकरदाराने हे केल्यास शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी वाढते. त्यामुळे क्लास, वसतिगृह, नववी-दहावी किंवा कनिष्ठ महाविद्यालय यांपैकी कोणतेही ठिकाण कायद्याच्या कक्षेबाहेर राहत नाही.

6. मी शिक्षिका आहे. हात उगारायचा नाही, ओरडायचे नाही, मग साठ मुलांचा वर्ग सांभाळायचा कसा?

हा प्रश्न सर्वांत अधिक येतो आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक स्तरावर साधारण तीस आणि उच्च प्राथमिक स्तरावर पस्तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा. जेथे वर्गात साठ मुले आहेत, तेथे बेशिस्तीचे निम्मे कारण वर्गाच्या आकारातच आहे आणि ते मुख्याध्यापकांनी लेखी वर कळवायला हवे. ते ओझे एकट्या शिक्षिकेने वाहू नये.

वर्गात काय करता येईल, याविषयी अनुभवी शिक्षकांकडून ऐकलेल्या आणि टिकलेल्या गोष्टी अशा आहेत. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात चार-पाचच नियम मुलांशी बोलून ठरवावेत आणि ते फळ्याशेजारी लावावेत. पंधरा नियम कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. बोलणाऱ्या मुलाला लांबून नावाने दटावण्यापेक्षा शिकवणे न थांबवता त्याच्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे. गंभीर बोलणे तास संपल्यावर आणि एकट्याशी करावे, कारण तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मित्रांसमोर हरायला तयार नसतो आणि तेथे सुरू झालेला वाद शिक्षकांना जिंकता येत नाही. एकाच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाला शिक्षा देऊ नये. जी मुले आतापर्यंत शिक्षकांच्या बाजूने होती, तीही त्यामुळे दुरावतात. खेळाचा तास किंवा शालेय पोषण आहार शिस्तीचे हत्यार म्हणून कधीही वापरू नये. पोषण आहार हा मुलाचा हक्क आहे आणि तो रोखणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

वारंवार घडणाऱ्या प्रसंगांची तारखेसह एका वहीत नोंद ठेवावी. पालकांना बोलावले असता ‘तुमचा मुलगा फार त्रास देतो’ असे म्हणण्याऐवजी, मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर काय घडले, हे सांगता येते आणि मग बोलणे भांडणाकडे वळत नाही. कित्येकदा ती वहीच दाखवते, की त्रास एकाच विषयाच्या तासाला किंवा एकाच शेजाऱ्याजवळ बसल्यावर होतो.

7. मुलगी गृहपाठच करत नाही. ती शाळेचा अनादर करते, असे तिच्या बाईंचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का?

घर पाहिल्याशिवाय असे म्हणता येत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात एका खोलीत पाचसहा माणसे राहतात, वडील यंत्रमागावर रात्रपाळी करून दिवसा त्याच खोलीत झोपतात आणि आई विड्या वळते, हे चित्र दुर्मीळ नाही. अनेक घरांत मुली शाळेतून आल्यावर पाने कापायला किंवा विड्यांना दोरा बांधायला बसतात आणि दुसऱ्या दिवशीचा माल पुरा झाल्याशिवाय त्यांचे दप्तर उघडत नाही. तंबाखूच्या धुळीत तासन्‌तास बसणे मुलीच्या प्रकृतीलाही अपायकारक असल्याने या कामातून तिला मोकळे करणे, हे पालकांचे काम आहे. बाईंनी तिला उभे करून ‘वही कुठे आहे’ असे विचारण्याआधी, शाळा सुटल्यावर ती काय करते, हे एकदा शांतपणे विचारावे. उत्तर असे निघाल्यास शाळेतच अर्धा तास बसून गृहपाठ पुरा करण्याची सोय, किंवा कमी पण रोज होईल एवढा अभ्यास, हे उपाय शिक्षेपेक्षा लवकर लागू पडतात.

घरी जागा आहे, वेळ आहे, शिवाय मोबाइलही आहे आणि तरीही गृहपाठ होत नसेल, तर मात्र बाईंची तक्रार पालकांनी गंभीरपणे घ्यावी.

8. मुलगा शाळेत अगदी शहाण्यासारखा वागतो आणि घरी उलट उत्तरे देतो. असे का?

दिवसभर धरून ठेवलेला ताण मूल सुरक्षित वाटते तेथे सोडते, हे एक कारण असते. दुसरे कारण असे, की शाळेतील नियम रोज तेच असतात आणि घरातील नियम पाहुणे आले, आई दमली किंवा आजी मध्ये पडली की बदलतात. आजी-आजोबांच्या लाडांना दोष देण्याची घाई करू नये. त्यांच्यासमोर नियम सांगून त्यांची संमती घ्यावी आणि मुलाच्या देखत त्यांना खोडून काढू नये. आईने आजीला कसे उत्तर दिले, हे मूल ऐकत असते आणि पुढे नेमके तेच वापरते.

9. आईवडिलांनी स्वतःच्या मुलाला मारले तर तोही गुन्हा होतो का?

घरातील प्रत्येक चापटीवर गुन्हा दाखल होत नाही. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्‌भावनेने केलेल्या कृतीला दंडविधानात मर्यादित संरक्षण पूर्वीपासून आहे आणि ते 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ठेवले आहे. परंतु गंभीर इजा, चटके देणे, उपाशी ठेवणे किंवा कोंडून घालणे या गोष्टी त्या संरक्षणात बसत नाहीत आणि प्रश्न 5 मध्ये सांगितलेले कलम 75 पालकांनाही लागू आहे. असा प्रकार शेजारी घडत असल्यास 1098 या बालमदत क्रमांकावर कोणालाही कळवता येते.

10. आमच्या घरी तेलुगू बोलतात. मुलगा बाईंना ‘तू’ म्हणाला म्हणून वर्गाबाहेर काढले. हा उद्धटपणा आहे का?

बहुधा नाही. तेलुगू आणि कन्नड या दोन्ही भाषांत मोठ्यांसाठी वेगळे आदरार्थी रूप आहे. मुलाला ते घरच्या भाषेत पक्के येत असते, पण मराठीत ‘तुम्ही आलात का’ हे क्रियापदासह जुळवताना ते निसटते. पहिली-दुसरीत असे झाल्यास बाईंनी योग्य वाक्य म्हणून दाखवावे आणि पुढे जावे. महानगरपालिकेच्याच शाळा मराठी, उर्दू, तेलुगू व कन्नड अशा चार माध्यमांतून चालतात. त्या शहरात हे शिक्षकांना नवीन असू नये. सातवीतला मुलगा जाणूनबुजून सरांना ‘काय बे’ म्हणत असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे आणि ती प्रश्न 6 मध्ये सांगितल्याप्रमाणे एकट्याशी बोलून हाताळावी.

11. गुरुपौर्णिमेला सर्व मुलांनी शिक्षकांच्या पाया पडावे, अशी सक्ती शाळा करू शकते का? भेटवस्तूंचे काय?

सक्तीने करून घेतलेला नमस्कार कोणाच्याच कामाचा नाही. एका वर्गात निरनिराळ्या धर्मांची मुले असतात आणि काही घरांत माणसापुढे वाकणे श्रद्धेला धरून नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28 नुसार शासनमान्य किंवा शासनाचे साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. ज्याला पाया पडावेसे वाटते त्याने पडावे, ज्याला हात जोडावेसे किंवा सलाम करावासा वाटतो त्याने तसे करावे. भेटवस्तूंसाठी वर्गात वर्गणी काढू नये. ज्याच्या घरी दहा रुपये निघत नाहीत, त्याचे नाव त्या दिवशी सर्वांना कळते.

12. गड्ड्याच्या दिवसांत मुलगा शाळा बुडवतो. ताप आल्याची चिठ्ठी दिली तर चालेल का?

सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीच्या सुमारास भरते आणि होम मैदानावरचा गड्डा पुढे बरेच दिवस चालतो, त्यामुळे हा प्रश्न दर जानेवारीत येतो. एखाद्या दिवसाची रजा हवी असल्यास ती कारण लिहून आधीच मागावी. सोलापुरातील कोणत्याही वर्गशिक्षकांना हे कारण समजावून सांगावे लागणार नाही. खोटी चिठ्ठी मात्र देऊ नये. शाळेला फसवायचे असते आणि आईवडील त्याला मदत करतात, हे मुलाने एकदा पाहिले, की पुढे दहावीत तो त्याच पद्धतीने आईवडिलांनाही फसवतो आणि तेव्हा दोष शाळेला दिला जातो.

13. मुलीला शिक्षकांनी मारले किंवा अपमान केला. तक्रार कोणाकडे आणि कशी करायची?

प्रथम मुलीचे सर्व बोलणे मध्ये न तोडता ऐकावे आणि ‘तूच काहीतरी केले असशील’ हे वाक्य टाळावे. त्याचबरोबर तिच्यासमोर शिक्षकांना नावे ठेवू नयेत, कारण उद्या तिला त्याच वर्गात बसायचे आहे. मारल्याचे वळ असतील, तर त्यांचे छायाचित्र घ्यावे आणि शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

साध्या तक्रारीचा क्रम वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघ असा ठेवावा. व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. विनाअनुदानित शाळांना ही समिती बंधनकारक नाही, तेथे पालक-शिक्षक संघाचा आधार घ्यावा. त्यानंतर शहरात महानगरपालिकेच्या शाळेसाठी महापालिकेचे प्रशासनाधिकारी, तालुक्यात केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी आणि पुढे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी असा मार्ग आहे. तक्रार लेखी असावी आणि तिच्या प्रतीवर पोच घ्यावी, कारण तोंडी तक्रार नंतर कोणालाच आठवत नाही. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाने अशा लेखी तक्रारीवर तीन महिन्यांच्या आत निर्णय द्यायचा असतो आणि तो अमान्य असल्यास राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते.

लैंगिक स्वरूपाच्या कोणत्याही प्रकारात हा क्रम लागू नाही. तेथे थेट पोलीस ठाण्यात जावे किंवा 1098 वर कळवावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, 2012 नुसार माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ‘शाळेचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण दडपणारे मुख्याध्यापक स्वतः शिक्षेस पात्र ठरतात.

14. घडलेला प्रकार पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर न्याय लवकर मिळतो, असा आमचा अनुभव आहे. यात काय चूक?

गवगवा लवकर होतो, हे खरे आहे. परंतु पीडित बालकाची ओळख उघड करणे बाल न्याय अधिनियमाने आणि 2012 च्या अधिनियमाने निषिद्ध आहे आणि दृक्‌श्राव्य फीत एकदा पाठवली, की ती परत घेता येत नाही. हाच विचार शिक्षकांनीही करावा. कमी गुण मिळालेल्यांची किंवा फी न भरलेल्यांची नावे ग्रुपवर टाकणे हा प्रश्न 3 मध्ये सांगितलेला मानसिक त्रासच आहे. तो वर्गाऐवजी फोनवर दिला, एवढाच फरक.

15. सरांकडे क्लास लावला नाही म्हणून मुलाला वर्गात टोचून बोलले जाते. काय करावे?

शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम 28 नुसार शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. मुख्याध्यापकांना लेखी कळवावे आणि पुढे प्रश्न 13 मधील क्रम पाळावा.

16. ‘उद्यापासून येऊ नको, दाखला घेऊन जा’ असे मुख्याध्यापक म्हणाले. असे काढून टाकता येते का?

पहिली ते आठवीपर्यंत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंतचे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मागे ठेवण्याची तरतूद राज्यांना दिली; काढून टाकण्याची मुभा मात्र दिलेली नाही. पालकांकडून ‘स्वेच्छेने दाखला नेत आहे’ असा अर्ज लिहून घेण्याची पद्धत काही ठिकाणी आढळते. मनात नसेल, तर अशा अर्जावर सही करू नये. नववीपासून हे संरक्षण नाही, तरीही बाजू मांडण्याची संधी लेखी मागावी. अल्पसंख्याक संस्थांबाबत प्रश्न 5 पाहावा.

17. मुलगा दहा मिनिटेही एका जागी बसत नाही. कितीही समजावले तरी फरक पडत नाही.

समजावून, नियम ठरवून आणि सातत्य ठेवूनही काही महिन्यांत फरक दिसत नसेल, तर हा शिस्तीचा प्रश्न नसण्याची शक्यता धरावी. प्रथम नजर आणि श्रवण तपासून घ्यावे. फळा न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आणि त्यासाठी बोलणी खाते. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने अवधान किंवा अध्ययन अक्षमतेची तपासणी करावी. अध्ययन अक्षमता ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील मान्य दिव्यांगत्वांपैकी एक असून प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत सवलती मिळतात. निदान झाल्यानंतरही नियम राहतातच, फक्त ते लहान टप्प्यांत द्यावे लागतात.

18. विद्यार्थ्यानेच शिक्षकांवर हात उचलला तर? कायदा फक्त मुलांच्याच बाजूचा आहे का?

शिक्षकांना पोलिसांकडे जाण्याचा पूर्ण अधिकार आहे. मुलगा अठरा वर्षांखालील असल्यास प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते आणि तेथे भर सुधारणेवर असतो, म्हणजे शिक्षकांची तक्रार निरर्थक ठरते असे नव्हे. पालकाने शाळेत येऊन मारहाण किंवा शिवीगाळ केल्यास तो प्रौढ असल्याने त्याच्यावर नेहमीप्रमाणे कारवाई होते. शाळेने प्रकरण मिटवण्यासाठी शिक्षकांनाच गप्प बसायला सांगणे अन्यायाचे आहे. व्यवस्थापनाने त्यांच्या पाठीशी उभे राहून घटना त्याच दिवशी लेखी नोंदवावी.

19. तक्रार केली तर आमच्या मुलीवर राग काढतील, या भीतीने आम्ही गप्प बसतो. यावर काही उपाय आहे का?

भीती निराधार नाही, म्हणून तक्रारीतच दोन गोष्टी मागाव्यात: चौकशी चालू असेपर्यंत मुलीची तुकडी बदलावी आणि संबंधित शिक्षकांकडे तिच्या तोंडी परीक्षेचे व प्रात्यक्षिकाचे गुण देण्याचे काम ठेवू नये. तक्रारीनंतर बोलण्यात, बसण्याच्या जागेत किंवा गुणांत अचानक बदल झाल्यास तारखेसह लिहून ठेवावा आणि आधीच्या तक्रारीचा संदर्भ देऊन दुसरा अर्ज करावा. नाव उघड करायचेच नसेल, तर शाळेतील तक्रार पेटीचा उपयोग करता येतो किंवा इतर तीन-चार पालकांसह संयुक्त अर्ज देता येतो. अनेक सह्यांच्या अर्जात एकाच मुलीकडे बोट दाखवणे अवघड जाते.